आई-वडिलांची गाडी थांबवायची, मग त्यांनी फिरायचं कसं? कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातल्या म्हाताऱ्या माणसाची गाडी बंद करायचा विषय निघाला की पहिलं भांडण किल्लीवरून होतं. आमचं म्हणणं असं की किल्लीला शेवटी हात घाला. आधी बँक, दवाखाना, मंडई, देऊळ आणि दोस्तमंडळी यांच्यापर्यंत जायची दुसरी सोय लावा. ती सोय आठ-पंधरा दिवस नीट चालली की निम्मं भांडण आपोआप मिटतं. खालच्या उत्तरांत दुचाकी आणि चारचाकी दोन्ही धरल्या आहेत.

किती वय झालं की गाडी बंद करावी?

कायद्यात वरची वयोमर्यादा नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिच्याप्रमाणे पंचावन्नच्या पुढं खासगी गाडीचं लायसन एका वेळी ५ वर्षांचंच मिळतं. नूतनीकरणाला डॉक्टरांचं प्रमाणपत्र, म्हणजे नमुना १-अ, जोडावं लागतं. ते चाळिशीनंतर सगळ्यांनाच लागतं.

पण या कागदावर विसंबून राहू नका. पाच वर्षांत माणूस पार बदलतो. ऐंशीचे आजोबा जोतिबाच्या घाटात गाडी झकास घालतात, आणि बासष्टीच्या माणसाच्या पायाला साखरेमुळं ब्रेक कळेनासा होतो. वय बघू नका, गाडी चालवताना बघा.

वेळ आली हे ओळखायचं कसं?

शेजारी बसा. फोन खिशात ठेवा, "बाबा, हळू" म्हणू नका, काही शिकवू नका. स्टँडवरून व्हीनस कॉर्नर, दसरा चौक, बिंदू चौक असा एक फेरा गर्दीच्या वेळी होऊ द्या. या एवढ्याशा अंतरात सगळी परीक्षा होते. सिग्नल सुटल्यावर मागच्यांनी हॉर्न मारेपर्यंत गाडी उभीच राहते का? डावीकडून मोपेड घुसली तर ती आधी दिसते, की खेटून गेल्यावर दचकतात? पुढची रिक्षा प्रवासी बघून मध्येच थांबली तर ब्रेकवर पाय वेळेत जातो का? वळताना मान वळते, की मणक्याच्या दुखण्यामुळं नुसत्या आरशावर भागवतात? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, चाळीस वर्षं पायाखालच्या असलेल्या रस्त्यावर "आता कुठनं जायचं?" असं विचारतात का? हा शेवटचा प्रश्न एकदा जरी आला तरी डॉक्टरांकडं जायला उशीर करू नका.

घरी आल्यावर गाडीभोवती एक चक्कर मारा. बंपरचा डावा कोपरा, डावा आरसा, मागचं दार बघा. गेटच्या खांबाला गाडीचा रंग लागलेला असतो. एक ओरखडा कुणाच्याही गाडीला असतो, पण दर महिन्याला नवा दिसत असेल तर डाव्या बाजूचा अंदाज सुटलाय.

दुचाकीचं वेगळं आहे. मागं बसून काही कळत नाही, उलट तुमच्या वजनानंच त्यांचा तोल जातो. दुसऱ्या गाडीवरून थोडं अंतर ठेवून मागं जा. पळत्या गाडीवर म्हातारा माणूस सहसा पडत नाही. पडतो तो गाडी थांबताना. सिग्नलला पाय टेकताना, उतारावर वळवताना, गाडी डबल स्टँडला लावताना गुडघा दगा देतो. गाडी स्टँडला लावायला पोराला हाक मारावी लागत असेल तर त्याचा अर्थ तोच.

आणखी एक घरगुती तपासणी. लायसनच्या अर्जातल्या नमुना १ मध्ये एक प्रश्न असतो: चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का? (चष्मा असेल तर चष्म्यासह.) बहुतेक जण न वाचताच 'होय'वर खूण करतात. गल्लीत टेपनं २५ मीटर मोजा आणि खरोखर वाचायला सांगा. नातवाला सोबत घेतलं तर खेळ होतो, अपमान वाटत नाही.

कुठले आजार असतील तर वाट बघू नये?

फिट येणं, अचानक शुद्ध हरपणं, चक्कर येणं. अर्जात याबद्दल सरळ विचारलेलं असतं. स्मृतिभ्रंशाचं निदान झालं असेल, पक्षाघात होऊन गेला असेल, कंपवात असेल, तर डॉक्टर 'चालवा' म्हणेपर्यंत गाडी बंद.

मधुमेहाचे दोन धोके लोकांच्या ध्यानात येत नाहीत. एक म्हणजे इन्सुलिन किंवा काही गोळ्यांमुळं साखर एकदम उतरते. सकाळी उपाशीपोटी गाडी काढली की हे होऊ शकतं. दुसरं, पायाची संवेदना कमी होते आणि पाय ब्रेकवर आहे की ॲक्सिलरेटरवर, हे बघितल्याशिवाय समजत नाही. काचबिंदूत कडेची नजर जाते. समोरचा बोर्ड वाचता येतो म्हणून माणूस बिनधास्त असतो, पण बाजूनं येणारं पोर दिसत नाही.

उलटही सांगायला हवं. मोतीबिंदू असेल तर आधी शस्त्रक्रिया करा, मग ठरवा. कितीतरी जणांना त्यानंतर डॉक्टर पुन्हा परवानगी देतात. झोपेची गोळी, सर्दी-खाजेची गोळी यांनीही गुंगी राहते. औषधांची सगळी पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा आणि विचारा, "यातलं कुठलं घेऊन गाडी चालवायची नाही?"

विषय काढायचा कुणी आणि कसा?

जेवणाच्या ताटावर नको, पाहुण्यांसमोर नको आणि गाडी धडकून आल्यावर त्याच संध्याकाळी तर मुळीच नको. त्या दिवशी ते स्वतःच हादरलेले असतात. त्यात आपण तोंड सोडलं की पुढचे सहा महिने हा विषय काढता येत नाही.

थोरल्या मुलानंच बोलायचं असा काही नियम नाही. उलट मुलानं काढला की त्यात घरातली सत्ता येते. "आप्पा, आता गाडी बास झाली," म्हटलं की उत्तर ठरलेलं: "बास म्हणणारा तू कोण? शाळेला डबलसीट मीच सोडत हुतो न्हवं तुला?" हेच मुलगी, जावई, तालमीतला जुना दोस्त किंवा नेहमीचे डॉक्टर बोलले तर ऐकून घेतलं जातं. डॉक्टरांचा शब्द सगळ्यांत चालतो. तपासणीला जायच्या आधी त्यांना फोन करून सांगून ठेवा, आणि चिठ्ठीवर 'गाडी चालवू नये' एवढं लिहून मागा. कागद दाखवून दोस्तांना "डॉक्टरनं बंद केलीय" सांगता येतं. "पोरांनी बंद केली" हे सांगायला जड जातं.

वाक्यं सोपी ठेवा. "तुम्हाला जमत नाही" म्हणू नका. "परवा दसरा चौकात ती बाई मध्ये आली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला" म्हणा. पहिल्या वाक्यावर वाद घालता येतो, दुसऱ्यावर काय घालणार?

एका बैठकीत होकार मिळायची अपेक्षा ठेवू नका.

सोय लावायची म्हणजे नेमकं काय करायचं?

वही घ्या आणि पंधरा दिवस त्यांची प्रत्येक फेरी लिहा. कुठं, किती वाजता, कशासाठी आणि तिथं कोण भेटतं. शेवटचा रकाना विसरू नका, खरी गोम तिथंच असते.

समजा यादी अशी निघाली: पहाटे रंकाळ्याला फिरणं, तिथून गंगावेशीत धारोष्ण दूध आणि गप्पा, आठवड्याला कपिलतीर्थ मंडई, शुक्रवारी अंबाबाई, महिन्याला पेन्शनसाठी बँक आणि रक्तदाब तपासणी, अधूनमधून लग्न-बारसं. आता एकेक फेरी सोडवा. मंडई कुणीही करेल, किराणा घरपोच येतो, वीज बिल फोनवरून भरता येतं. पण पहाटेचा रंकाळा आणि गंगावेस? त्यांना काही दुधासाठी जायचं नसतं. दूध घरी आणून दिलंत आणि म्हणालात "झालं की काम", तर त्यांची सगळ्यात महत्त्वाची फेरी तुम्ही बंद केलीत. तिथं जाण्यासाठी एखादा दोस्त वाटेवर राहतो का बघा, त्याच्या गाडीतून जाता येईल. त्याला पेट्रोलचे पैसे द्यायचे ठरवून टाका. फुकटचं जाणं स्वाभिमानी माणूस दोन दिवसांत बंद करतो.

वेळही मोकळी ठेवा. "मंगळवारी अकरालाच निघायचं, मला सुट्टी तेव्हाच" असं पोरांच्या सवडीनं ठरलं की म्हातारा माणूस गुपचूप किल्ली शोधायला लागतो.

रिक्षा महिन्यानं लावता येते का?

येते, आणि शहरात राहणाऱ्यांसाठी आमच्या मते हाच सर्वांत चांगला मार्ग आहे. शाळेच्या पोरांसाठी जशी लावतो तशीच. ॲपवरची रिक्षा हाताशी असावी, पण नुसती तिच्यावर भिस्त नको. रोज नवा माणूस येतो, गल्ली सापडत नाही म्हणून फोन करतो, आणि ऐकायला कमी येणाऱ्या माणसाला तो फोन नको होतो.

घराजवळच्या स्टॉपवर जा, दोन-तीन जणांशी बोला. कोल्हापुरात रिक्षा नटवायची हौस मोठी, पण तुम्ही बघायचं ते वेगळं: चढताना हाताला धरायला दांडी आहे का, गाडी फूटपाथला लागून उभी करतो का, आणि माणूस नीट बसल्याशिवाय गिअर टाकत नाही ना. पहिल्या फेरीला तुम्ही सोबत जा. मग स्पष्ट ठरवा: आठवड्याच्या ठरलेल्या फेऱ्या किती, दवाखान्यात थांबायचं असेल तर वेटिंगचे किती, जास्तीची फेरी मीटरनं की ठरवून, तो गावाला गेला तर बदली कोण येणार. पैसे मात्र वडिलांच्या हातून द्यायला लावा. मुलाच्या खात्यातून परस्पर गेले की ते स्वतःला सामान समजायला लागतात, आणि रिक्षावालाही कुणाचं ऐकायचं ते ठरवून टाकतो.

एवढी रिक्षा परवडणार कशी?

आधी गाडीचा वर्षाचा खर्च मांडा: विमा, सर्व्हिसिंग, पेट्रोल, पीयूसी, टायर-बॅटरी. गाडी पंधरा वर्षांची झाली असेल तर नोंदणीचं नूतनीकरण, ते पुढं दर पाच वर्षांनी. या बेरजेला बाराने भागा आणि तो आकडा त्यांच्यासमोर ठेवा. आठवड्याला तीन-चार वेळा बाहेर पडणाऱ्या माणसाची रिक्षा बहुतेक त्यातच बसते. दुचाकीवाल्यांच्या बाबतीत हे गणित जुळत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करा. तिथं फरकाची रक्कम भावंडांनी वाटून घ्यावी.

केएमटीनं, म्हणजे महापालिकेच्या शहर बसनं, जाता येईल का?

गुडघे चांगले असतील तर का नाही. पण सकाळी कॉलेजच्या आणि संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळी नको. अकरा ते चार बरं. शिवाजी चौक किंवा गंगावेशीसारख्या मोठ्या थांब्यावर चढावं. खरी अडचण बसच्या पहिल्या पायरीची असते. चढून जायला जमतं का हे एकदा सोबत जाऊन बघा. ज्यांनी आयुष्यभर स्वतःची गाडी वापरली त्यांना कुठली बस कुठं जाते हेही माहीत नसतं, आणि विचारायची लाज वाटते.

एसटीत काय सवलत आहे?

७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून राज्य परिवहनच्या बसनं मोफत प्रवास करता येतो. ६५ ते ७५ मध्ये तिकीट निम्मं. मार्च २०२३ पासून बायकांना कुठल्याही वयात निम्मं तिकीट आहे, म्हणजे आई साठीची असली तरी तिला सवलत मिळते. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड जवळ असू द्या.

कोल्हापूरकरांनी ध्यानात ठेवायचं ते असं: मोफत प्रवास राज्याच्या हद्दीपुरता आहे. निपाणी किंवा बेळगावला लेकीकडं जायचं तर हद्दीपलीकडचं तिकीट काढावं लागतं. आणि ही सवलत एसटीची आहे, केएमटीला ती लागू नाही. पन्हाळा, जोतिबा, नृसिंहवाडी, गडहिंग्लज अशा फेऱ्यांना मात्र ती चांगली उपयोगी पडते.

आम्ही खेड्यात राहतो. वडापाशिवाय, म्हणजे सीटवर प्रवासी भरून नेणाऱ्या जीपशिवाय, काही नाही. मग?

हे अवघड आहे, उगीच गोड बोलत नाही. वडापच्या जीपमध्ये म्हातारा माणूस मागं कोंबून बसवायचा आणि शेवटी बाहेर लोंबकळत न्यायचा, यापेक्षा त्याची एम-८० दुचाकी बरी, असं कुणी म्हटलं तर आम्हाला उलट बोलता येणार नाही. तरी काही गोष्टी जमतात. वडापवाला गावातलाच असतो. पुढची सीट राखून ठेवायला सांगा आणि दोन सीटचे पैसे द्या. दूध संस्थेत रोज जाणारा, मार्केट यार्डात माल घेऊन येणारा, शहरात नोकरीला येणारा शेजारी यांच्याशी वार बांधून घ्या. डॉक्टरची वेळ एसटीच्या वेळेला जुळवून मागा. बहुतेक जण देतात.

शेतावर जायचं असेल तर बांधापर्यंतची गावातली वाट आणि मोठा रस्ता यांत फरक करा. पुणे-बेंगळुरू महामार्ग ओलांडावा लागत असेल तर कितीही जवळ असलं तरी नाही.

एकदम बंद न करता हळूहळू करता येईल का?

वर सांगितलेले आजार नसतील तर हाच रस्ता बरा. पहिल्यांदा रात्रीची गाडी बंद. आपल्याकडं याला मोठं कारण आहे: दिवाळीच्या सुमाराला गळीत हंगाम सुरू झाला की रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर येतात. मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस बाजूनं बाहेर आलेला. समोरून ट्रकचा झोत डोळ्यावर आला की ट्रॉली दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. चाळिशीचा ड्रायव्हरसुद्धा तिथं घाबरतो.

त्यानंतर महामार्ग बंद, मग पावसाळा बंद. जून ते सप्टेंबर निसरडे रस्ते आणि पाण्यानं भरलेले खड्डे. पंचगंगेला पाणी वाढलं की रस्ते वळवले जातात आणि ओळखीची वाट राहत नाही. पावसाळाभर रिक्षाची सवय लागली की दसऱ्याला गाडी काढायची इच्छा आपोआप कमी होते, असा पुष्कळ घरांचा अनुभव आहे.

दिवसावर ड्रायव्हर मिळतो का?

मिळतो. लग्नकार्य, बाहेरगाव, पुण्याचा दवाखाना यासाठी उत्तम. लायसन बघून घ्या आणि विमा चालू आहे ना ते तपासा. पहिल्या दिवशी वडील शेजारी बसून "ब्रेक मार, ब्रेक मार" करणार हे ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा.

आई अजून स्कूटर चालवते. तिला हे सगळं लागू आहे का?

आहे, पण फरक समजून घ्या. वडिलांना कुणी ना कुणी डबलसीट नेतं. आईची स्कूटर गेली की तिला प्रत्येक वेळी कुणाला तरी विचारावं लागतं, आणि ती विचारत नाही. भजनी मंडळ सुटतं, भिशी सुटते, माहेरच्या माणसांकडं जाणं सुटतं, आणि "मला काही अडत नाही" म्हणत ती घरात बसते. तिच्या फेऱ्यांची वही आणखी बारकाईनं लिहा. साडीत एका बाजूला बसून डबलसीट जाणं सत्तरीत धोक्याचंच आहे. मागं बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे हे विसरू नका. तिच्यासाठी रिक्षाच बरी.

ऐकतच नाहीत. किल्ली लपवू का? वायर काढू का?

डोकं शाबूत असलेल्या माणसाशी अशी लबाडी करू नका. मेकॅनिक ओळखीचा असतो, तासाभरात वायर जोडली जाते आणि तुमच्यावरचा विश्वास कायमचा जातो.

स्मृतिभ्रंश असेल तर गोष्ट वेगळी. तिथं समजावून उपयोग नसतो, कारण सांगितलेलं उद्या आठवत नाही. गाडी नजरेआड करणं, भावाकडं नेऊन लावणं, किल्ल्यांचा जुडगा बदलणं हे तिथं योग्यच.

कायद्याचा एक दरवाजाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६ प्रमाणे, आजारामुळं किंवा अपंगत्वामुळं माणूस गाडी चालवायला योग्य नाही असं मानायला रास्त कारण असेल, तर लायसन देणारा अधिकारी वैद्यकीय प्रमाणपत्र मागू शकतो किंवा लायसन रद्द करू शकतो. डॉक्टरांचे कागद घेऊन आरटीओत लेखी अर्ज द्या. हा शेवटचा उपाय. पण दुसऱ्याच्या पोराच्या जिवाशी गाठ असेल तर तो करायला कचरू नका.

लायसन संपलंय, तरी चालवतात. काय होईल?

विनालायसन चालवणाऱ्याला ५,००० रुपये दंड आहे, आणि ज्याच्या नावावर गाडी आहे त्यानं ती जाणूनबुजून दिली तर त्यालाही. दंडाचं सोडा, विम्याचं बघा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते, आणि दुसऱ्याला दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करू शकते. गाडी तुमच्या नावावर असेल तर मालक तुम्ही.

नूतनीकरणाचा अर्ज मुदतीआधी वर्षभर करता येतो. मुदत संपून वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. काही घरांत ही मुदत आपोआप उपयोगी पडते: "करायचं का रिन्यू, की राहू दे आता?" एवढंच विचारायचं.

आम्ही पुण्यात किंवा परदेशात. लांबून काय करणार?

रिक्षावाला, शेजारी, डॉक्टर आणि औषध दुकान असे चार नंबर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा. ज्येष्ठ नागरिकांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन, रुग्णवाहिकेचा १०८ आणि तातडीचा ११२ हेही त्यात घाला. पैसे पाठवणं सोपं असतं. गावात राहणाऱ्या भावंडाला "फेऱ्या तू कर" म्हणण्याऐवजी तुमच्या सुट्टीतला एक आठवडा त्यांना सोबत घेऊन रिक्षा-एसटीनं फिरण्यात घाला. सवय लावायला कुणीतरी बरोबर असावं लागतं.

गाडी सोडल्यापासून ते गप्प झालेत.

काही आठवडे असं होणारच. पण जेवण कमी, झोप नाही, फिरणं बंद, दाढी वाढलेली, असं महिनाभर चाललं तर डॉक्टरांना सांगा, त्यावर उपचार आहेत. तोवर त्यांच्याकडं एखादं खरं काम सोपवा. नातवाला गाडी शिकवायला शेजारी बसवू नका, त्यात तोंडं वाजतात. घरच्या गाड्यांचे विमा, पीयूसी, सर्व्हिसिंगच्या तारखा सांभाळणं त्यांना आवडतं, आणि ते आपल्यापेक्षा चोख करतात.

गाडी ठेवायची की विकायची?

विका, किंवा घरातल्याच कुणाच्या नावावर करा. दारात उभी राहिली की रोज डोळ्यांपुढं येते, आणि एखाद्या दुपारी बाहेर पडतेच. कुणाला द्यायची ते त्यांनाच ठरवू द्या.

विकताना नमुना २९ आणि ३० भरून नाव बदलून झाल्याशिवाय प्रकरण संपलं असं समजू नका. नुसत्या चिठ्ठीवर दिलेल्या गाडीनं पुढं अपघात केला तर नोटीस वडिलांच्याच नावावर येते. घेणारा दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतला असेल तर नमुना २८ ची ना-हरकत लागते. कर्ज फिटलेलं असलं तरी आरसी बुकावर बँकेचं नाव राहिलेलं असतं. ते आधी उतरवून घ्या. विम्याची प्रत, आरसी आणि दोन्ही किल्ल्या दिल्याची पोच घ्या, आणि पुढचे काही महिने परिवहनच्या पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून नाव बदललं का ते बघत राहा.